बाकीचे सगळे एका ओळीत

आमच्या ऑफिसात जी प्रोग्रामिंगची भाषा आली होती, तिचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की दोन प्रकारची माणसं तोंड उघडतात. एक म्हणतात, अरे वा, ही भाषा आणि जबलपूरमध्ये? दुसरी म्हणतात, बघा, आम्ही तेव्हाच सांगत होतो. मला दोघांचाही सारखाच राग येतो. ती भाषा चांगली होती. आम्ही तिच्यासोबत जे केलं ते वाईट होतं, आणि त्यात माझे बाबा गेले. एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी आशा लावून बसायला नको.

ऑफिस मदन महलला, टाइल्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खाजगी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो आम्ही: पेशंटची नोंद, तपासण्या, पाळ्या. मालक हिंदीवाले, बोलायला गोड, पण प्रत्येक गोष्ट त्यांना काल हवी असायची. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, मी आणि दादा. दादा माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. मूळचे वर्ध्याकडचे, पण घर इथंच, पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून आईच्या आजारपणापायी इकडे परत आले होते. सख्खा भाऊ मला नाही. दादांना मी भाऊच मानत होती, आणि हे मी आजही खोटं म्हणणार नाही.

बाबा फॅक्टरीतून रिटायर झालेले. तोफगोळ्यांच्या इन्स्पेक्शनमध्ये उभा जन्म गेला. रिटायर झाल्यावर दोन वर्षांत किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. आईला साखरेचा आजार, तिची किडनी चालणार नव्हती. माझी जुळली. बाबा ऐकायलाच तयार नाहीत! ‘पोरीच्या पोटात सुरी घालून मला जगायचं नाही,’ म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. नागपूरच्या आत्याचं वेगळंच. ‘लग्न व्हायचं आहे तिचं, कोण करणार मग?’ मी आत्याला फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. वर्षभर मी बाबांशी भांडली. शेवटी एक दिवस जेवता जेवता ते म्हणाले, ‘बरं. कर तुले काय करायचं ते.’ मी तशीच उठून मोरीत गेली आणि तोंडावर पाणी मारत रडली. नागपूरच्या हॉस्पिटलात कागद झाले, कमिटीची परवानगी आली, आणि त्यांनी सांगितलं की चार-पाच महिन्यांत नंबर लागेल. तोवर एकच काम होतं. बाबांना धड ठेवायचं, कुठलं इन्फेक्शन होऊ द्यायचं नाही.

डायलिसिस सेंटर ओमतीच्या बाजूला होतं. बाबांसोबत मी तिथं इतकी बसलेली की सगळं पाठ झालं होतं. रक्तातून पसरणारी कावीळ असते, बी आणि सी. ज्याला बी असेल त्याचं मशीन आतल्या खोलीत, सी असेल त्याचं कोपऱ्यात, आणि ज्यांना काहीच नाही ते समोरच्या रांगेत. कोण कुठल्या मशीनवर हे एका पांढऱ्या फळ्यावर लिहायचे, पुसायचे, परत लिहायचे. एकदा माझ्यासमोर नर्सच्या ओढणीनं अर्धा फळा पुसला गेला आणि तिला परत फायली काढत बसावं लागलं. मीच डॉक्टरांना म्हणाली, आमच्या ऑफिसला सांगा ना, आम्ही करून देतो. माझ्या बाबांचं सेंटर होतं ते. दुसऱ्या कोणाच्या हातचं काम मला तिथं नको होतं.

आणि ते काम नव्या भाषेत करायचं, असं दादांनी ठरवलं.

नवी भाषा आणायची म्हटल्यावर ऑफिसात जो गोंधळ झाला, विचारू नका. आमचा जुना प्रोग्राम महिन्यातून एकदा तरी पडायचाच. कोणाचा रक्तगट भरायचा राहिला की त्या रिकाम्या जागेला ठेच लागून सगळी स्क्रीन कोरी. मालकांना फोन, मालकांचा आम्हाला फोन, शिव्या. दादा म्हणाले, या भाषेत रिकामी जागा अशी लपून राहतच नाही. ‘असेल’ आणि ‘नसेल’ दोन्ही लिहावंच लागतं, नाही लिहिलं तर प्रोग्राम तयारच होत नाही. मालक म्हणाले, ‘भैया, आपको जो करना है करो, बस मेरा फोन नहीं बजना चाहिए.’ झाली मंजुरी! ऑफिसातले बाकीचे दोघं आठवडाभर शिकले, हात जोडले आणि जुन्या कामाला परत गेले. मी राहिली.

पहिला महिना तोंडाला फेस आला. मला सवय होती की एक डबा घ्यायचा, त्यात आकडा टाकायचा, मग तोच आकडा बदलत बसायचं. इथं बदलणं नावाची चीजच नाही. एकदा जे ठरलं ते ठरलं. पेशंटची पाळी बदलली तर जुना पेशंट तसाच राहतो आणि त्याच्यावरून नवा तयार होतो. मी चिडून म्हणाली, ‘दादा, हे काय वेड लावून राहिले तुम्ही? साधा एक आकडा वाढवायचा आहे मला!’ ते हसायचे. ‘वाढवू नको. नवा माग.’ तेच काम गोल गोल फिरवायची जुनी रीत, लूप म्हणतात ती, ती पण नाही. यादीचं पहिलं नाव घ्या, त्याचं काय करायचं ते करा, उरलेली यादी परत त्याच कामाला द्या, यादी संपली की थांबा. मग हळूहळू गोडी लागली. छोटी छोटी कामं वेगळी लिहायची, प्रत्येक काम असं की तेच दिलं तर तेच परत मिळेल, आज, उद्या, कधीही. मग त्यांची साखळी जोडायची. रात्री चालेल की नाही अशी धाकधूक राहिली नाही. मला झोप लागायला लागली, खरं सांगते.

सगळ्यात भारी होतं ते तपासणं. पेशंटच्या जेवढ्या अवस्था आपण सांगितल्या तेवढ्या सगळ्यांचं काय करायचं ते लिहावंच लागे. एखादी सुटली की कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं तपासून त्याचा प्रोग्राम करून देणारा, तो ओरडायचा: अमक्या ओळीत अमकं राहिलं. मी हे बाबांना मशीनवर पडल्या पडल्या सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की विचारू नका.

‘म्हणजे तुह्या कॉम्प्युटरात इन्स्पेक्टर बसला आहे!’

‘तसंच समजा.’

‘कडक आहे का? का चहा पाजला की सोडते?’

‘चहा पीत नाही तो, बाबा.’

‘मग तं चांगला आहे,’ म्हणाले. ‘आमच्याकडं असे दोनच होते.’

बाजूच्या मशीनवर एक म्हाताऱ्या बाई असायच्या, गढ्याकडच्या, बाबांना भाईसाहब म्हणायच्या. बाबांनी त्यांनाही हिंदीत सगळं समजावून सांगितलं. त्यांना काय कळलं असेल देव जाणे, पण ‘बहुत अच्छा, बिटिया’ म्हणाल्या.

या इन्स्पेक्टरचं तोंड बंद करायची एक युक्ती त्या भाषेत होती. अवस्थांच्या यादीत शेवटी एक आडवी रेघ ओढायची. तिचा अर्थ, बाकीचे सगळे इकडे. मग कोण बाकी आहेत हे सांगायची गरज नाही, आणि कंपायलरही विचारत नाही. दादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ही रेघ आपल्याकडे ओढायची नाही. माणसांचं काम आहे, बाकीचे सगळे असं कोणी नसतं. मी एकदा कंटाळून ओढली तर सगळ्यांसमोर पुसायला लावली. मला राग आला होता, पण माणूस बरोबर बोलत होता.

आता ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी मी ऑफिसात नव्हती, बाबांसोबत सेंटरवर होती. मला सगळं नंतर कळलं, पण इथंच सांगते. सेंटरला दुपारी प्रोग्राम दाखवायचा होता. सकाळी मालकांच्या डोक्यात आलं की ज्याला बी आणि सी दोन्ही आहेत तो, आणि ज्याला होती पण बरी झाली तो, असे पेशंटही त्यात दिसले पाहिजेत. दादांनी त्या दोन अवस्था घातल्या. कंपायलर ओरडला, यांना कुठल्या मशीनवर पाठवू? ते डॉक्टरांना विचारायला पाहिजे होतं, आणि डॉक्टर ओपीडीत, फोन उचलेनात. मालक खुर्चीच्या मागं उभे. ‘भैया, चलो, चलो, गाड़ी नीचे खड़ी है.’ दादांनी मशीन ठरवणाऱ्या कामात शेवटची, ज्यांना काही नाही त्यांची ओळ काढून तिथं रेघ ओढली. बाकीचे सगळे समोरच्या रांगेत. कंपायलर गप्प झाला. दाखवणं छान झालं. मालकांनी बडा फुहाऱ्याच्या बाजारातून पेढे आणले, मला दुसऱ्या दिवशी त्यातला एक मिळाला.

दादांनी नंतर डॉक्टरांना विचारून त्या दोन्ही अवस्थांच्या ओळी नीट लिहिल्या. रेघेच्या वर लिहिल्या. रेघ मात्र खाली तशीच राहिली, कारण आता तिच्यात फक्त ज्यांना काही नाही तेच उरले होते, आणि त्यांना समोरच्या रांगेत पाठवणं बरोबरच होतं. चुकीचं काहीच दिसत नव्हतं, म्हणून कोणाच्या डोळ्यात खुपलं नाही.

मग सेंटरनं सांगितलं की नवा पेशंट येतो, त्याचा काविळीचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, तर ‘रिपोर्ट यायचा आहे’ अशी एक अवस्था हवी. तोवर अशा माणसाला दाराजवळच्या वेगळ्या मशीनवर ठेवतात. दादांनी अवस्था घातली. कंपायलर जागोजागी ओरडला, आणि दादा एकेक जागा दुरुस्त करत गेले, बिल, पाळी, औषध, घरच्यांना जाणारा मेसेज. मशीन ठरवायच्या जागी तो ओरडलाच नाही. तिथं रेघ होती ना! आमची सवय अशी झाली होती की ओरडणं थांबलं म्हणजे काम झालं. सगळं पास. दाराजवळच्या मशीनचं कोणी विचारलंच नाही, आणि प्रोग्राम सेंटरवर चढला.

मंडल्याकडचे एक गृहस्थ नवीन आले. रिपोर्ट यायचा होता. स्क्रीननं त्यांना समोरच्या रांगेत टाकलं. फळा असता तर कोणी तरी लिहिता लिहिता थांबलं असतं, अरे, याचा रिपोर्ट कुठं आहे? स्क्रीनला कोण विचारतं? आम्हीच तर सगळ्यांना सांगितलं होतं की आता विचारायची गरज नाही. बरेच दिवस ते तिथंच येत राहिले. कधी सकाळी ते ज्या मशीनवर, दुपारी त्याच मशीनवर बाबा. मग त्यांचा रिपोर्ट आला, सी. त्यांना कोपऱ्यात हलवलं. काही आठवड्यांनी सगळ्यांच्या नेहमीच्या तपासण्या झाल्या, तेव्हा समोरच्या रांगेतल्या दोघांना सी निघाली. गढ्याच्या बाई आणि माझे बाबा.

नागपूरला फोन केला. तिथल्या बाई चांगल्या होत्या, हळू बोलल्या. आता ऑपरेशन होणार नाही. आधी गोळ्यांचा कोर्स, तीन महिने. मग परत तपासणी, मग बघू. मी फोन ठेवला आणि बाबांना सांगायला गेली. ते खाटेवर बसून नखं कापत होते. ऐकून म्हणाले, ‘म्हणजे तुही किडनी वाचली सध्या.’ हे ते गमतीनं म्हणाले होते. मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं.

दादांनी मला स्वतः सांगितलं. दुपारी ऑफिसच्या जिन्यात, टाइल्स उतरवणारे वरखाली करत होते तिथं. म्हणाले, ‘सेंटरचा फोन आला तेव्हाच मी उघडून पाहिलं. रेघ माही आहे.’ मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी एकेक करून सांगितलं, मालक, गाडी, पेढे, सगळं. मी विचारलं, ‘तुम्ही काहून नाही पुसली?’

‘दिसलीच नाही मले.’

‘मला तर सगळ्यांसमोर पुसायला लावली होती.’

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. मी त्यांना जिन्यात उभ्या उभ्या नको नको ते बोलली. माझ्या बापाला मारलं तुम्ही, असंही बोलली, तेव्हा बाबा जिवंत होते. टाइल्सवाले थांबून पाहायला लागले. दादा मान खाली घालून ऐकत राहिले. त्याचाही मला राग आला. उलट बोलले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, मशीनमुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. मशीन मधल्या वेळात धुतात, रक्त चढवलं असेल त्यातूनही होतं. बरोबर आहे, नाही सांगता येत. म्हणजे जन्मभर मला पक्कं कळणार नाही, आणि कळलं नाही म्हणून दादांवरचा राग कमी होणार नाही. मालक म्हणाले, ‘दीदी, कोई कुछ नहीं बोलेगा, समझीं?’ मी त्याच दिवशी गढ्याच्या बाईंच्या मुलाला वेटिंग रूममध्ये गाठून सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘तो अब क्या करें?’ मी आपली बाजूला बसून राहिली.

मग ऑफिसात मीटिंग झाली. मालकांनी दादांचं नाव घेतलंच नाही, भाषेचं घेतलं. ये लैंग्वेज ही गड़बड़ है, दुनिया में कोई नहीं चलाता, सब वापस पुराने में करो. जुन्या कामाला परत गेलेले ते दोघं माना हलवत होते. आणि मी, कपाळ माझं, मी तिथं उठून त्या भाषेची बाजू घेतली. म्हणाली, ती विचारत होती. तिनं विचारलं तेव्हा तुम्ही खुर्चीमागं उभे राहून चलो चलो करत होते. ती शेवटपर्यंत विचारत राहिली असती, आपण तिचं तोंड बांधलं. जुन्या भाषेत तर विचारणारंच कोणी नाही! मालक म्हणाले, ‘आप अभी परेशान हैं, दीदी, घर जाइए.’ दादा टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड फिरवलं. महिन्याभरात ते नोकरी सोडून आईला घेऊन परत पुण्याला गेले. निघायच्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेतली.

बाबा आता कोपऱ्यातल्या मशीनवर. गढ्याच्या बाईंची पाळी वेगळ्या वेळी, त्यामुळे तिथं बोलायला कोणी नाही, समोर भिंत. मंडल्याचे गृहस्थ बाजूला असायचे, दोघंही एकमेकांना नमस्कार करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. बाबांनी त्यांना कधी वाकडा शब्द म्हटला नाही. मी म्हणाली असती. गोळ्यांनी त्यांची भूक गेली, पायावर सूज राहायला लागली, जिना चढताना मध्ये बसावं लागायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करायला सांगितली आणि रिपोर्ट पाहून म्हणाले, थोडं कमजोर झालं आहे, वेळ गेला ना मधे. मी ऑफिसात बसून तो सगळा प्रोग्राम जुन्या भाषेत परत लिहीत होती. दुसरं काम मला या गावात कोण देणार होतं, आणि बाबांना सोडून मी कुठं जाणार होती? मशीन ठरवायचं काम मी दहा वेळा तपासलं. तरी विश्वास बसत नव्हता.

कोर्स संपला. तपासणीला रक्त दिलं. रिपोर्ट सोमवारी आला, स्वच्छ, काही नाही. बाबांनी कागद हातात घेऊन चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, ‘पास.’ आईनं शिरा केला. मी नागपूरला फोन केला, ते म्हणाले, परवा घेऊन या, तारखेचं बोलू. मंगळवारी दुपारी मशीनवर असताना बाबांचं बीपी उतरलं. नर्सनं हाक मारली, डॉक्टर धावत आले, मला बाहेर काढलं. परत आत बोलावलं तेव्हा मशीन बंद केलेलं होतं.

दादांचा फोन चौथ्या-पाचव्या दिवशी आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. घरात माणसं बसलेली होती, मी फोन घेऊन गच्चीवर गेली. त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांचा आवाज घाबरलेला होता, मी उचलीन असं त्यांना वाटलंच नसावं. म्हणाले, ‘काकांचा कोर्स संपला असन ना? रिपोर्ट आला का?’

‘आला,’ मी म्हणाली. ‘निगेटिव्ह आहे.’

ते रडायलाच लागले. मोठा माणूस, हुंदके देऊन. म्हणाले, मी रोज हिशेब करत होतो गं, रोज. देवाची कृपा. आता तारीख मिळाली का? मी येतो ऑपरेशनला नागपूरला, बाहेर बसून राहीन, तू बोलू नको माझ्याशी हवं तर. मी त्यांना थांबवलं नाही, बोलू दिलं. एवढे महिने मी वाट पाहिली होती की कधी तरी हा माणूस विचारेल आणि मग मी बाबांचे हाल सांगेन, असे सांगेन की त्याला परत झोप लागणार नाही. आता वेळ आली होती.

‘दादा, बाबा मंगळवारी गेले,’ मी म्हणाली.

त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. आतून आई मला हाका मारत होती. मला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, आणि मला तसूभरही बरं वाटलं नाही.